मोठ्या मांजरांना घर का मिळत नाही?

प्रति,
संपादक महोदय,
स. न.

मांजराचं पिल्लू द्यायचं आहे असं व्हॉट्सॲपवर टाकलं की संध्याकाळपर्यंत दोन-चार फोन येतात. मोठ्या मांजराचा फोटो टाकला की लोक 'किती गोड!' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. डोंबिवलीत आम्ही काही शेजारी मिळून टाकून दिलेल्या, जखमी मांजरांवर उपचार करतो आणि त्यांच्यासाठी घर शोधतो. त्यातून जे दिसलं ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावं, म्हणून हे पत्र.

सध्या माझ्याकडे एक तिरंगी भाटी आहे. ऐन पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीखाली बसलेली सापडली. मागच्या पायाला जखम होती. ती रस्त्यावर वाढलेली नाही, हे लगेच कळलं. गळ्याभोवतीचे केस पट्ट्याने झिजलेले होते आणि घरात आणून वाळूचा ट्रे समोर ठेवताच ती थेट त्यात गेली, उकरलं, काम उरकलं आणि नीट झाकून बाहेर आली. कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी मांडीवर वाढलेलं हे जनावर. डॉक्टरांनी दात पाहून वय तीन-चार वर्षं सांगितलं. आता जखम भरली आहे, नसबंदी झाली आहे, रेबीजसह सगळ्या लशी दिल्या आहेत. कुकरची शिट्टी झाली की ती ओट्याखाली येऊन बसते, हाक मारली की उत्तर देते. तरीही तिला न्यायला कुणी तयार नाही.

फोन येतात, पण प्रश्न ठरलेले. 'किती महिन्यांचं आहे?' वय सांगितलं की 'अच्छा, मग नको.' कुणाला पर्शियन हवी असते. एकांना दुकानाच्या गोदामात उंदीर झाले होते म्हणून मांजर हवी होती. रात्री शटर ओढून तिला आत कोंडणार होते. अशा ठिकाणी आम्ही मांजर देत नाही.

मोठं मांजर लळा लावत नाही, ते जुन्या घराचंच राहतं, हा समज घट्ट बसलेला आहे. मांजराला आपली जागा प्रिय असते हे खरं. जागा बदलली की ते घाबरतं, कपाटामागे दडून बसतं, खाणं सोडतं. पण ही भीती कायमची नसते. पहिले काही दिवस त्याला एकच खोली द्यावी, लपायला एखादं खोकं ठेवावं, ट्रे खाण्याच्या भांड्यापासून लांब असावा, सवयीचं खाणं एकदम बदलू नये आणि ओढून बाहेर काढू नये. ते आपणहून बाहेर येतं. आम्ही दिलेली मांजरं परत आली ती बहुतेक पहिल्या आठवड्यातच, 'रुळत नाही हो' म्हणून. आणखी थोडा धीर धरला असता तर ती तिथेच राहिली असती. एखाददुसऱ्या दिवसात खाण्याला तोंडच लावलं नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं.

खरं सांगायचं तर नवरा-बायको दोघंही सकाळची लोकल पकडून रात्री घरी येत असतील, तर दोन महिन्यांचं पिल्लू त्या घरासाठी नाहीच. त्याला दिवसातून तीन-चार वेळा भरवावं लागतं, ते पडदे चढतं, वायरी चावतं. मोठ्या मांजराचा स्वभाव आधीच कळलेला असतो, ट्रेची सवय असते आणि दिवसाचा बराचसा वेळ ते झोपून काढतं. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना तर मी नेहमी मोठंच मांजर सुचवते. घरात नीट सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षंही जगतं, म्हणजे आमच्या या तिरंगीपुढे अजून दहा-बारा वर्षं आहेत. तिला पुन्हा कुणी खाली सोडून जाणार नाही, असं घर आम्ही शोधतो आहोत.

मांजर सोडून देण्याची कारणं ऐकली की जीव तुटतो. त्यातलं एक नेहमीचं: 'सूनबाईंना दिवस गेलेत, डॉक्टर नको म्हणाले.' मांजराकडून येऊ शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग गरोदरपणात झाला तर बाळाला धोका असतो, ही गोष्ट खोटी नाही. पण त्याचा संसर्ग कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाज्यांतूनही होतो. मांजराच्या विष्ठेतून तो पसरायलाही किमान एक दिवस जावा लागतो, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ट्रे रोजच्या रोज साफ केला, मांजराला कच्चं मांस दिलं नाही आणि बाहेर सोडलं नाही, तर धोका फारच कमी होतो. मांजर रस्त्यावर टाकण्याआधी डॉक्टरांशी एवढं तरी बोलावं. दुसरं कारण सोसायटीचं. पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सोसायट्यांना कळवलं आहे. तरी नोटिसा येतात आणि माणसं घाबरून मांजर सोडून देतात.

पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! इतक्या दंडाची भीती कुणाला वाटणार? तो वाढायलाच हवा.

घर देताना आमच्या अटी फार नाहीत. खिडक्यांना आणि बाल्कनीला घट्ट जाळी हवी, कारण कबुतरावर झेप घेताना वरच्या मजल्यांवरून पडलेली मांजरं आम्ही उचलली आहेत. घरातल्या सगळ्यांची संमती हवी. घर बदललं, बदली झाली तर मांजर सोबत न्यायची तयारी हवी, आणि अगदीच जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता आम्हाला कळवावं.

आपल्या पुरवणीत पाळीव प्राण्यांचे फोटो छापून येतात, तेही बहुतेक पिल्लांचेच. त्यात आठवड्यातून एकदा, छोट्या चौकटीत का होईना, घर शोधणाऱ्या एका मोठ्या मांजराचा किंवा कुत्र्याचा फोटो आणि माहिती द्यावी, ही कळकळीची विनंती. सुरुवात आमच्या तिरंगीपासून केलीत तर फोटो लगेच पाठवते.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)