केबल ट्रेचे पैसे मीटरवर, सपोर्ट मात्र फुकटात

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र राज्य
प्रत: आयुक्त, नाशिक महानगरपालिका

विषय: निविदेत केबल ट्रेच्या सपोर्टसाठी स्वतंत्र बाब धरण्याबाबत

महोदय,

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशकात इमारती, पंपघरं, मलशुद्धीकरण केंद्रं अशी बरीच कामं निघाली आहेत. त्यातल्या केबल ट्रे (विजेच्या केबली ज्यावर टाकतात त्या पत्र्याच्या पन्हळी) बसवणारे आम्ही वायरमन आणि सुपरवायझर.

बऱ्याच निविदांत ट्रेचा दर रनिंग मीटरवर असतो, तोही ‘सपोर्टसह’, म्हणजे ट्रे टांगून धरणारे चॅनल, रॉड आणि अँकर त्यातच. गोम इथेच आहे. ट्रे एक मीटर कमी लावला तर मोजमापात लगेच सापडतो. सपोर्ट निम्मे केले तरी मोजमाप पुस्तकातला आकडा तोच राहतो. मग ड्रॉइंगमधलं दीड मीटरचं अंतर साइटवर तीन मीटरचं होतं.

३०० चौरस मिमीची साडेतीन कोअर ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल मीटरला साधारण ५ किलो भरते. अशा सहा टाकल्या की मीटरला ३० किलो, म्हणजे दीड मीटरवरच्या सपोर्टवर ४५. अंतर दुप्पट केलं की हे वजन ९० होतं, पण ट्रेचा बाक दुप्पट नाही, सोळापट वाढतो. त्यात कपलरचा (दोन ट्रे जोडणाऱ्या पट्टीचा) सांधा दोन सपोर्टच्या मधोमध आला (तो सपोर्टपासून पाव अंतरावर हवा) की तिथूनच ट्रे खचतो, बोल्ट वाकतात आणि सांध्यावरची अर्थिंगची पट्टी सुटते. केबल ओढताना माणूस ट्रेवर चढतो, हेही धरूनच चला. कितीही सांगितलं तरी चढतोच.

फास्टनरची गत याहून वाईट. सपोर्टचा रॉड ज्यात आवळतात त्या एम-१० ड्रॉप-इन अँकरला (भोकात ठोकून फुगवायच्या नळीला) १२ मिमीचं, ४० मिमी खोल भोक लागतं, तेही काँक्रीटमध्ये. प्लास्टर त्यात धरायचं नसतं. मध्ये सळई लागली की भोक सरकवायचं सोडून अर्धवट अँकर ठोकून दिला जातो. खालून बघणाऱ्याला सगळे रॉड सारखेच दिसतात.

मलशुद्धीकरण केंद्रात हायड्रोजन सल्फाइड जस्त खातो. तिथे २ मिमी पत्र्याच्या ट्रेवर आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे हॉट-डिप (वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेलं) जस्त चौरस मीटरला ४६० ग्रॅम, म्हणजे सुमारे ६४ मायक्रॉन हवं. तयार जीपी (आधीच जस्त चढवलेल्या) पत्र्याच्या ट्रेवर एका बाजूला २० मायक्रॉनही कसंबसं असतं, आणि कापलेली कड उघडीच. नवे असताना दोन्ही चकचकीत. कोटिंग गेज (जस्ताच्या थराची जाडी मोजणारा) लावल्याशिवाय फरक कळत नाही. गेज साइटवर सहसा नसतोच.

म्हणून सपोर्टची बाब वेगळी काढा: चॅनल किलोवर, अँकर नगावर. नवे दर ठरेपर्यंत चालू कामांत केबल टाकण्याआधी शाखा अभियंत्याने सपोर्टचं अंतर टेपने मोजून मोजमाप पुस्तकात लिहावं. केबल पडल्यावर मोजून उपयोग नाही. भरलेल्या ट्रेखाली नवा सपोर्ट घालायला परांची पुन्हा उभारावी लागते आणि तिचे पैसे कुणीच देत नाही.

आपले,
सातपूर-अंबड भागातले वायरमन व सुपरवायझर