गंगापूर धरणावरच्या काकांना, वल्ह्यांबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गुडघ्यांमुळे तुमचं धरणावर येणं कमी झालंय असं कळलं, म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण तुम्ही शिकवलंत ते शिडाची होडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

गंगापूरचं पाणी नाशिक पितं. त्यात पेट्रोलचा थेंबही नको, म्हणून आमच्या १२ फुटी होडीला इंजिन लावलं नाही. वारा पडला की भिस्त वल्ह्यांवरच. पण साडेसात फुटांची जोडी एवढ्याशा होडीत ठेवायची कुठे? होडीच्या काठावर बांधली तर शिडाची दोरी तिच्यात अडकते, मधे टाकली तर पायात येते. दोन तुकडे जोडायची वल्ही घेऊ का, असं विचारलं तर म्हणालात, "सांध्यावर भरवसा नको. जागा करू."

आणि केलीत. दोन्ही बाजूंना एकेक वल्हं, बसायच्या फळ्यांखालून सरकवलेलं. पातं नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, उभं. मूठ मागे, सुकाणू धरणाऱ्याच्या हाताशी. दांडा घासू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. मुठीपाशी सुरगाठ. ओल्या बोटांनी, न बघता सुटेपर्यंत ती गाठ माझ्याकडून घोटून घेतलीत. होडी उलटली तर वल्ही वाहून जायला नकोत आणि लागतील तेव्हा एका झटक्यात हाती यायला हवीत. दोन्ही त्या गाठीनं साधतं. वल्ही अडकवायच्या लोखंडी कड्यांनाही दोरी बांधायला लावलीत. लाकडी वल्हं तरंगतं, कडी थेट तळ गाठते.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी वारा एकदम पडला. अंजनेरीच्या बाजूनं आभाळ भरून येत होतं आणि बरोबर मुलगी होती. आपल्या जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये वल्हवून आला, हे ऐकल्यापासून तिला वल्ह्यांचं वेड आहे. मी शीड उतरवेपर्यंत तिनं गाठी ओढून, कड्या बसवून वल्ही पाण्यात टाकलीसुद्धा! उजेडातच काठाला लागलो. काका, त्या क्षणी तुमची फार आठवण झाली. मनापासून आभार.

वॉर्निशचा नवा हात दिलाय. पात्यांच्या टोकांना तांब्याची पट्टी ठोकायची राहिलीय, ती तुमच्या देखरेखीखालीच ठोकू. रविवारी गाडी घेऊन न्यायला येतो. काकूंनाही नमस्कार सांगा.

आपला,
होडीवाला शेजारी