क्षयरुग्णाच्या घरच्यांनाही डाळ द्या

महोदय,

क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत रुग्णाला नोव्हेंबर २०२४पासून दरमहा ५०० ऐवजी १,००० रुपये मिळतात, हे उत्तमच. घरच्यांचा शिधा मात्र ‘निक्षय मित्र’ दात्यांच्या भरवशावर! प्रथिने कमी पडली की टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, दुबळ्या होतात आणि त्यांनी फुप्फुसात कोंडून ठेवलेला क्षयाचा जंतू पुन्हा डोके वर काढतो. झारखंडमधील ‘रेशन्स’ अभ्यासात रुग्णाच्या घरातील प्रत्येक प्रौढाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्मपोषक गोळ्या दिल्या. घरात नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. तांदूळ-गहू रेशनवर मिळतात, पोटही भरते. प्रथिनांची तूट तशीच राहते. रुग्णाची नोंद होताच रेशन दुकानातून माणशी दीड किलो डाळ सुरू करावी.

– एक आहारतज्ज्ञ, नाशिक