ओव्हरसियर काकांना, घर पुरं झाल्यावर

आदरणीय काका,
सा. न.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. सिंधुदुर्गात घर बांधायला काढलेल्या इतरांनाही तुमचं म्हणणं कळावं, ही इच्छा आहे.

बाबांची निवृत्तीची रक्कम आणि माझं कर्ज, एवढीच आमची ऐपत. कंत्राटदाराने आकडा खाली आणायला सळी आणि सिमेंटला कात्री लावली होती. तुम्ही आधी नकाशा मागितलात. दर्शनी भागातले नसते कोपरे काढून घर सरळ चौकोनी केलंत, तसा पायाही घटला आणि भिंतही. बाहेरचा गिलावा रद्द करून चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींच्या फक्त दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरून घेतल्यात. फॉल्स सीलिंग गेलं. जुन्या घराची फणसाची दारं रंधा मारून पुन्हा बसली, आणि मला तर ती नव्यापेक्षा जास्त आवडतात.

वाळूच्या बाबतीत मात्र तुम्ही एक रुपयाही वाचवू दिला नाहीत. खाडीची वाळू स्वस्त पडत होती. तिच्यातल्या मिठाने सळी गंजते, गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात, हे तुम्ही बाबांना किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींखाली उभं करून दाखवलंत. त्यानंतर त्यांनी स्वस्त वाळूचं नाव काढलं नाही.

सगळ्यात मोठं ऋण स्लॅबच्या दिवसाचं. काँक्रीट पातळ असलं की पसरायला सोपं, म्हणून गडी पाणी ओतत राहतात. तुम्ही मिक्सरजवळ उभे राहून सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला २७ लिटरच्या वर पाणी जाऊ दिलं नाहीत, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. सळीखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळी फळीपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, बसल्याशिवाय काँक्रीट टाकू दिलं नाहीत. कॉलमला ४० मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे सळीबाहेरचा काँक्रीटचा थर, स्वतः पट्टीने मोजलंत. आमचं सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं आणि सावकाश ताकद धरणारं, म्हणून स्लॅबवर आळी बांधून निदान १० दिवस पाणी हटू द्यायचं नाही, हे आईला बजावून गेलात. या सगळ्याला जवळजवळ काही खर्च आला नाही, काका. बजेट आणि दर्जा यांची ओढाताण म्हणून आम्ही रात्र रात्र हिशेब मांडत होतो, आणि घराची निम्मी ताकद अशी नुसत्या लक्ष देण्यात होती.

वरचा मजला आत्ता झेपणारा नव्हता, तरी पाया आणि कॉलम तुम्ही त्याच्या हिशेबाने करून घेतलेत. स्लॅब भरण्याआधी सळीचे आणि भिंत बुजवण्याआधी पाइप-वायरिंगचे फोटो काढायला लावलेत. त्यांची फाइल बाबांनी कपाटात जपून ठेवली आहे. मजला चढवायचं ठरलं की ती घेऊन पहिल्यांदा तुमच्याकडेच येऊ.

आपली कृतज्ञ,
शेजारच्या वाडीतली लेक