लिंबाचं बिनसाखरेचं सॉर्बे: ताई, तुमच्या पेन्सिलीचे आभार

प्रिय ताई,

आमच्या कृतीचा कागद तुमच्याकडून परत आला तेव्हा त्यावर मूळ मजकुरापेक्षा पेन्सिलीच्या खुणाच जास्त होत्या. सगळ्यात वर तुम्ही लिहिलं होतं, "साखर काढलीत, ठीक. पण तिचं काम आता कोण करणार?" त्या एका प्रश्नाबद्दल आभार मानायला हे पत्र. ते उघड लिहितोय, कारण बिनसाखरेचं सॉर्बे, म्हणजे फळांचा रस गोठवून केलेला बिनदुधाचा गारेगार पदार्थ, करायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडकतो. लिंबाच्या पाण्यात स्टीव्हियाचे (गोड पानांच्या अर्काचे) थेंब घालायचे, डबा फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि सकाळी चमचा वाकवायचा!

साखर सॉर्बेत फक्त गोडीसाठी नसते. नेहमीच्या मिश्रणात वजनाने साधारण पाव हिस्सा साखर असते. ती विरघळून पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढते, म्हणून उणे १८ अंशांच्या घरगुती फ्रीझरमध्येही थोडं पाणी पातळच राहतं आणि चमचा आत जातो. स्टीव्हियाचा अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड, म्हणून तो चिमूटभरच लागतो. आणि चिमूटभराने गोठणबिंदू हलत नाही.

तुमचा समासातला हिशोब तर आम्ही पाठच केलाय. गोठणबिंदू किती उतरेल हे गोडीवर नाही, विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर ठरतं. रेणू जितका हलका, तितके त्याच वजनात रेणू जास्त. साखरेचा रेणुभार ३४२; साखरेऐवजी वापरतात त्या दोन गोड पावडरींपैकी झायलिटॉलचा १५२, एरिथ्रिटॉलचा १२२. म्हणजे वजनाला वजन धरलं तर झायलिटॉल साखरेच्या सव्वादोन पट काम करतं आणि एरिथ्रिटॉल जवळजवळ पावणेतीन पट. हे वाचून कोणालाही वाटेल की मग एरिथ्रिटॉलच घालून मोकळं व्हावं. तिथेच तुमची दुसरी खूण होती: "बाहेर पडेल."

आणि पडतंच. एरिथ्रिटॉल कोमट पाण्यात छान विरघळतं, गार पाण्यात कमी. फ्रीझरमध्ये पाण्याचा बर्फ होत जातो तसं उरलेलं पाणी त्याला पेलवत नाही आणि त्याचे खडे होतात. पहिल्या संध्याकाळी मऊसूत लागणारं सॉर्बे दुसऱ्या दिवशी जिभेखाली कचकचतं. बारीक वाळूसारखे कण, आणि प्रत्येक कण विरघळताना पेपरमिंटसारखा गार चटका देतो. तो बर्फ नव्हे. बर्फाचा कण लगेच पाणी होतो, हा गोड लागत रेंगाळतो. बिघाड नेमका कुठला हे ओळखायची ही साधी खूण तुमचीच.

म्हणून आता प्रमाण असं आहे: पाणी ५०० ग्रॅम, गाळलेला लिंबाचा रस १५० ग्रॅम, एरिथ्रिटॉल ७० ग्रॅम, झायलिटॉल ७० ग्रॅम, खाण्याचं ग्लिसरीन १० ग्रॅम, झँथन गम (मिश्रण दाट करणारी पावडर) १ ग्रॅम, ३ लिंबांच्या सालीचा कीस, चिमूटभर मीठ. सगळं वजनाने. झँथनसाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवाच. चमच्याचा अंदाज चुकून ३ ग्रॅम पडलं तर सॉर्बे शेंबडासारखं ओढलं जातं. (हा शब्द तुमच्या कागदावर नव्हता, पण दुसरा सुचत नाही.)

दोन्ही पावडरी आधी मिक्सरमधून बारीक करायच्या, त्यात झँथन कोरडंच मिसळायचं. झँथन थेट पाण्यात टाकलं की बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या अशा गाठी होतात, त्या नंतर कितीही घोटल्या तरी सुटत नाहीत. मग या कोरड्या मिश्रणात सालीचा कीस बोटांनी चोळायचा, पावडर ओलसर पिवळी होईपर्यंत. लिंबाचा वास सालीतल्या तेलात असतो आणि ते तेल पावडरीला धरून राहतं. किसताना फक्त रंगीत थर घ्यायचा, खालचा पांढरा भाग लागला की कडवटपणा आलाच. २०० ग्रॅम पाणी कोमट करून त्यात हे मिश्रण भुरभुरवत घोटायचं, १० मिनिटं झाकून ठेवायचं, गाळायचं. उरलेलं पाणी, ग्लिसरीन आणि मीठ घालायचं. रस सगळ्यात शेवटी, मिश्रण गार झाल्यावर. गरम केलेल्या रसाचा ताजेपणा जातो.

आता चव घ्यायची, आणि ती थोडी जास्त गोड लागली पाहिजे, कारण थंडीत गोडी दबते. आंबटपणा पुढे येत असेल तर इथे स्टीव्हियाचे थेंब चालतात, एकेक घालून. मागे कडसर चव राहायला लागली की थांबायचं.

फ्रिजमध्ये ४ तास मुरवून मग आइस्क्रीमच्या यंत्रात. यंत्राचं भांडं १६ ते २४ तास फ्रीझरमध्ये राहिलेलं हवं. हलवल्यावर आत पाणी डुचमळत असेल तर ते तयार नाही. यंत्र नसेल तर मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये ५-६ तास गोठवायचं, तुकडे ५ मिनिटं बाहेर ठेवून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचे. सलग फिरवलं की पात्याच्या उष्णतेने ते वितळतं, आणि वितळलेलं पुन्हा गोठलं की मोठे स्फटिक ठरलेले. उथळ डब्यात भरून वर कागद चिकटवायचा, २ तास ठेवायचं. वाढण्याआधी १० मिनिटं बाहेर. हे सॉर्बे दोन दिवसांत संपवावं. आठवडाभर मऊ राहील असं सांगणाऱ्यावर आमचा विश्वास नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही. तुम्ही ग्लिसरीन २५ ग्रॅम सुचवलं होतं. सॉर्बे मऊ झालं खरं, पण घशात एक कोमट, औषधी गोडवा राहतो. १० ग्रॅम आणि वाढण्याआधीची ती १० मिनिटं, हा सौदा आम्हाला बरा वाटला.

अंड्याच्या परीक्षेवर तुम्ही मारलेली काट मात्र सगळ्यांना सांगायला हवी. साखरेच्या सॉर्बेत धुतलेलं ताजं अंडं सोडतात आणि नाण्याएवढा भाग वर आला की साखर पुरेशी समजतात. अंडं घनता मोजतं, गोठणबिंदू नाही. आपल्या मिश्रणात कमी वजनात तेवढंच काम होतं, म्हणून अंडं बुडतं. ते तरंगेपर्यंत पावडर ओतत गेलं तर खडेही होतात आणि पोटही बिघडतं.

पोटावरून आठवलं. वरच्या प्रमाणाचे ८ वाटे केले तर प्रत्येकात झायलिटॉल साधारण ९ ग्रॅम येतं. सवय नसलेल्याने एका वेळी एकच वाटा घ्यावा, नाहीतर गुडगुड आणि जुलाब होऊ शकतात. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल डब्यासकट त्याच्यापासून लांब. थोडंही त्याच्या जिवावर बेतू शकतं. आणि लिंबाऐवजी संत्र्याचा रस घेतला तर १०० मिलिलिटरमागे ८-९ ग्रॅम साखर फळाचीच येते. मग त्याला 'बिनसाखरेचं' न म्हणता 'वरून साखर न घातलेलं' म्हणायचं, हा तुमचा आग्रह मधुमेह असलेल्या प्रत्येकासाठी मोलाचा आहे.

ज्यांना या पावडरी नकोच असतात त्यांच्यासाठी तुम्ही कागदाच्या मागे दोन ओळींत ग्रानिता, म्हणजे खरवडलेल्या बर्फाचा प्रकार, लिहून दिलीत: लिंबूपाणी, स्टीव्हिया, पसरट ट्रेमध्ये २ सेंटीमीटरचा थर, दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडायचं, लगेच खायचं. तिथे बर्फ कुरकुरीतच हवा असतो, त्यामुळे साखरेची उणीव भासत नाही. आता पहिल्यांदा करणाऱ्याला आम्ही तीच आधी देतो.

दुरुस्त केलेला कागद सोबत जोडलाय. पेन्सिलीच्या खुणा पुसलेल्या नाहीत.

तुमचे आभारी,
सॉर्बे करणारे आम्ही सगळे