शून्य कर्ज, पण देणे?

अर्थपुरवणीतील ‘कर्जमुक्त कंपन्या’ हा लेख वाचला. कर्ज शून्य म्हणजे देणे शून्य, हे त्यातील गृहीतक पटत नाही. १ एप्रिल २०१९ पासून ‘इंड एएस ११६’ या लेखामानकानुसार बारा महिन्यांहून अधिक मुदतीच्या भाडेकरारांचे देणे ताळेबंदात येते, पण ‘कर्जे’ या ओळीत नव्हे. विक्रीच्या टक्केवारीवर ठरणारे भाडे तर त्यातही धरत नाहीत.

खरी मेख ताळेबंदाला जोडलेल्या ‘संभाव्य दायित्वे’ (पुढे द्यावी लागू शकणारी देणी) या टिपेत असते. दावा हरण्याची शक्यता निम्म्याहून कमी वाटली, की तरतूद न करता आकडा फक्त तिथे जातो. हा अंदाज व्यवस्थापनाचाच! उदाहरणार्थ, एजीआर वादात (दूरसंचार कंपन्यांच्या कोणत्या महसुलावर सरकारी शुल्क लागते, हा वाद) सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ ऑक्टोबर २०१९ रोजी लागला आणि व्होडाफोन आयडियाला आधीच संपलेल्या सप्टेंबर तिमाहीत सुमारे ५०,९०० कोटी रुपयांचा तोटा दाखवावा लागला.

कंपनीने इतरांच्या कर्जाला दिलेल्या हमींबाबत एक खबरदारी. उपकंपनीचे कर्ज एकत्रित ताळेबंदात आलेलेच असते, त्यामुळे त्याची हमी पुन्हा मोजू नये. सहयोगी कंपनीच्या (जिच्यात मोठा हिस्सा असतो, पण नियंत्रण नसते) कर्जाला दिलेली हमी मात्र बहुतांशी टिपेतच राहते. ती अवश्य धरावी.

– एक सनदी लेखापाल, पुणे