द्रावण निळं झालं, म्हणून?

महोदय,

'थेंबभर लघवी सोन्याच्या द्रावणात टाका, रंग बदलला की अमली पदार्थ पकडला' अशा थाटाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. प्रयोगशाळा सहायक म्हणून मी बरीच वर्षं हे द्रावण स्वतः बनवलं आहे, म्हणून लिहिते.

क्लोरोऑरिक आम्लाचं (सोन्याच्या एका संयुगाचं) पाण्यातलं द्रावण उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. ते आधी काळपट होतं, मग बघता बघता माणकासारखं लाल. (हा क्षण कितीही वेळा पाहिला तरी हातातलं काम थांबायचंच.) १९५१ पासूनची ही रीत. त्यात तयार झालेले साधारण १३ नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) सोन्याचे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून लाल दिसतात. कणांवर बसलेल्या सायट्रेटच्या ऋणभारामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. तो भार झाकला गेला की कण गोळा होतात आणि द्रावण जांभळं, निळं होतं.

अमली पदार्थाचा रेणू कणांना चिकटून हे घडवू शकतो, मान्य. पण चिमूटभर मीठही तेच करतं! नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी ते करून दाखवायचे. एकदा तर मीच चंबू अम्लराजाने (सोनंही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणाने) न धुता वापरला आणि सगळं द्रावण जांभळं झालं. त्यात कुठलंही औषध नव्हतं. लघवीत मीठ असतंच. उलट लाळेतली प्रथिनं कणांवर बसली, तर पदार्थ असूनही रंग लालच राहू शकतो.

ही पद्धत टाकाऊ आहे, असं मी म्हणत नाही. गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघ बहुतेकदा सोन्याच्या कणांचीच असते. मात्र तिथे ओळख पटवण्याचं काम प्रतिपिंडं (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं) करतात, सोनं फक्त रंग दाखवतं. अमली पदार्थांसाठी डीएनएचे खास धागे वापरून तशीच ओळख जमवायचे प्रयत्न आहेत, आणि खरी मेहनत तिथेच आहे. बातमीत नेमकं तेच गळतं.

खोकल्याच्या औषधातलं कोडीन (अफूच्या वर्गातलं औषध) डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेणाऱ्याचा नमुना निळा झाला तर? त्याच्यावर शिक्का बसण्याआधी मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखण्याच्या पद्धतीने) खातरजमा व्हायला हवी. निदान चाचणी शुद्ध पाण्यात झाली की खऱ्या लघवीत, एवढं तरी बातमीच्या पहिल्या परिच्छेदात छापा.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक